उताराऐवजी शाल

एका जंगलात, मुलांनो, दाराआड उभी राहून मी एक वाक्य ऐकलं.

"तिला उतार देण्यापेक्षा शाल देऊन टाकू," मामंजी म्हणाले. "एकदा सत्कार झाला, की प्राणी मागायचा थांबतो."

"आणि मग?" दुसऱ्या आवाजाने विचारलं.

"मग थोडे दिवस जाऊ द्यायचे. आणि गोडीत सांगायचं, शेवंताबाई, तुम्हाला हे बीळ काही झेपत नाही. खाली सपाटीवर कुठे मिळतंय का बघा."

तुम्ही म्हणाल, दाराआडून ऐकणं वाईट. अगदी बरोबर. पण नव्या सुनेला दाराआडच उभं करतात. तिथे उभं राहिल्यावर कान काढून ठेवायची सोय नसते.

तर आधी कोण कोण ते सांगते.

मी मुंगूस. नुकतंच लग्न होऊन मुरमाच्या टेकडीवर आलेली. आम्हा मुंगसांना रस्त्यात पाहिलं की तुम्ही मुलं 'तोंड दाखव' म्हणून मागे लागता. लग्नानंतर मला कळलं, ही सवय तुमच्यापुरती नाही. टेकडीवरचे झाडून सगळे येऊन माझं तोंड बघून गेले. ते तोंड बोलतं का, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे. टेकडीवरची बरीच बिळं आमच्या घराण्याची. काहींत आम्ही राहतो, काहींत भाडेकरू. मामंजी टेकडीच्या सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत. त्यामुळे भाडेकरूने मालकाची तक्रार केली, की ती थेट मालकाकडेच येते. वेळ वाचतो.

दुसरा आवाज सोसायटीच्या अध्यक्षांचा. साळिंदरअण्णांचा. सभेत त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही, ते काट्यांमुळे. अण्णांना वाटतं, अध्यक्षपदामुळे.

आणि शेवंताबाई म्हणजे आमच्या समोरच्या बिळातल्या भाडेकरू. जातीने ससा. सगळी टेकडी त्यांना मावशी म्हणते. सावरीचा कापूस पिंजून त्या अशा काही गाद्या करतात, की टेकडीवरचं प्रत्येक बाळ आधी शेवंतामावशींच्या कापसावर झोपतं, मग आईच्या कुशीत.

आता टेकडीची रीत ऐका.

आमच्याकडे प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एक दगडी उंबरा असतो. पूर्वी कधीतरी कोणी पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून एक दगड बसवला असेल. शेजाऱ्याने त्याहून उंच बसवला. त्याच्या शेजाऱ्याने त्याहून. आता ज्याचा उंबरा उंच, त्याचं घराणं मोठं. मुलगी देताना आधी उंबरा बघतात, मग मुलगा. माझ्या बाबांनीही बघितला. उंबरा फार छान होता.

त्याच उंबऱ्यावरून माप ओलांडताना मी अडखळले, आणि माप आणि मी एकदमच घरात आलो.

"सवय होईल," सासूबाई म्हणाल्या.

शेवंतामावशींना त्या उंबऱ्याची कधीच अडचण नव्हती. ससा म्हणजे काय, तर मागचे पाय. एक उडी मारली की आत. पण उन्हाळ्यात शिकाऱ्याने फासा लावला होता. फाशातून मावशी आल्या, मागचा एक पाय तिथेच राहिला.

तेव्हापासून मावशी घरी येतात त्या अशा. आधी कापसाचं गाठोडं उंबऱ्यावर टाकतात. मग छाती टेकवतात. मग पुढच्या पायांनी दगडाला धरून स्वतःला ओढतात. ओढताना काही बोलत नाहीत. आत गेल्यावर मात्र उंबऱ्याला उद्देशून असं काही बोलतात, की ते मुलांच्या गोष्टीत लिहिता येत नाही.

आणि या सगळ्या वेळात वर आकाश असतं. आकाशात मोरघार असते. डोक्यावर तुरा असलेली मोठी घार. तिला ससे फार आवडतात. जे लवकर घरात जात नाहीत ते विशेष.

सपाटीवर तर बिळंच नाहीत. नुसतं गवत आहे. मामंजी मावशींना कुठे पाठवत होते ते तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही हुशार मुलं आहात. मामंजींच्याही लक्षात आलं असावं, पण ते कामात होते.

आता हे उताराचं काय प्रकरण, ते सांगते. आदल्याच दिवशी सोसायटीची सभा झाली होती.

सभेच्या सुरुवातीला आम्ही सिंहमहाराजांचा एक नियम एका सुरात म्हणतो. 'ज्याला आपल्या दारातून जाता-येता येत नाही, त्याने दार आपल्या सोयीचं करून घ्यावं. मालकाने अडवू नये. राहणारा भाडेकरू असला तरी अडवू नये.' फार सुंदर नियम आहे. त्याला चालही चांगली लावली आहे. तो उभं राहून म्हणायचा असतो. शेवंतामावशींना उभं राहायला त्रास होतो म्हणून सोसायटीने त्यांना तो म्हणण्यातून सूट दिली आहे.

नियम म्हणून सगळे खाली बसले, तशा मावशी बोलल्या.

"मला दाराशी मातीचा उतार करायचाय. बाहेरून चढता, आतून उतरता. माती मी आणते, चोपते पण मीच. जाताना काढून देईन. तुम्ही फक्त हो म्हणा."

"शेवंताबाई, तुमच्याबद्दल आम्हाला फार वाटतं हो," साळिंदरअण्णा म्हणाले.

"वाटू दे की. उताराचं काय?"

"माती तुमची, मान्य," मामंजी म्हणाले. "पण उंबरा आमचा ना! उतार केला की उंबरा झाकला जाणार. घराण्याचा उंबरा आहे तो. आजोबांनी बसवलाय."

"मग आजोबांना बोलवा, मला उचलून आत ठेवायला."

बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं. मी नव्हते. मी मनात हसले.

"आणि आता जो नियम म्हटलात तो?" मावशींनी विचारलं.

"नियम आहेच!" अण्णा म्हणाले. "नियमाच्या बाजूनेच आहोत आम्ही. उगाच का उभे राहिलो? पण कसंय, आज तुम्हाला उतार दिला, तर उद्या कासव म्हणेल मलाही द्या."

"द्या की."

"परवा गोगलगाय म्हणेल."

"तिला काय उशीर होणारच आहे, अण्णा. तोवर होईल करून."

सभा हसली. अण्णाही हसले. हसताना त्यांचे काटे उभे राहतात म्हणून पुढची रांग जरा सरकली. मग सभा संपली आणि गूळ वाटला. उतार तिथेच राहिला.

"सवय होईल हो, शेवंताबाई," सासूबाई जाता जाता म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्या मनाने वाईट नाहीत. त्यांना फक्त सगळ्या गोष्टींची सवय झाली आहे.

आणि दुसऱ्या दिवशी मी दाराआडून ते वाक्य ऐकलं.

मी यजमानांना सांगितलं. त्यांचं नाव नंतर येईल, त्याची एक ठरलेली जागा असते.

"अहो, मामंजी मावशींना घालवणार आहेत."

"बाबा बघतील काय ते."

"अहो, बाबाच तर घालवणार आहेत."

"मग तेच बघतील ना," यजमान म्हणाले आणि कुशीवर वळले. "तू नवीन आहेस. होईल सवय."

मुलांनो, नवी सून अजिबात बोलत नाही असा तुमचा समज होईल, तर तसं नाही. ती उखाण्यात बोलते. काही कार्य निघालं, की सगळे म्हणतात, नाव घ्या, नाव घ्या. मग दोन ओळी बोलायच्या. एका ओळीत काहीतरी फूलपान घालायचं, दुसरीत नवऱ्याचं नाव. यमक जुळलं की काम झालं. अर्थ कोणी तपासत नाही.

मी उखाणे पुटपुटायची. "अगं मोठ्याने घे," सासूबाई दर वेळी म्हणायच्या. "तुझं तुला तरी ऐकू येतंय का?"

तर सत्काराची तयारी सुरू झाली. मामंजी शेवंतामावशींच्या दाराशी गेले. मागे मी, हातात गुळाची वाटी घेऊन.

"शेवंताबाई, एक शाल हवी होती. सावरीच्या कापसाची, चांगली जाड. समारंभ आहे."

"कोणाचा सत्कार?"

"तुमचाच!"

मावशींनी मामंजींकडे पाहिलं. मग वाटीकडे. मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या मापाची करते. कशाबद्दल सत्कार?"

"तुमच्या जिद्दीबद्दल! मागच्या एकाच पायाने रोज एवढा मोठा उंबरा चढता!"

"तो लहान केलात तर जिद्द कमी होईल म्हणता?"

"असं कसं बोलता," मामंजी म्हणाले. त्यांना खरंच लागलं. चांगलं करायला जावं तर लोक असं बोलतात, असं ते घरी येईपर्यंत म्हणत होते.

समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून राजाचे दिवाणजी येणार होते. दिवाणजी अस्वल आहेत. मंच म्हणून एक जुनं वारूळ साफ केलं. दिवाणजींना वारूळ आवडतं. समारंभ लांबला की ते मंच थोडा थोडा खातात.

फक्त एक अडचण होती. दिवाणजींचे गुडघे धरले आहेत. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत.

आणि मुलांनो, एका सकाळीत उतार तयार झाला! मामंजींनी स्वतः उभं राहून माती टाकून घेतली. अण्णांनी ती चोपून घेतली. दोन्ही बाजूंना धरायला गुळवेल बांधली, वेलीत झेंडू खोवले. उताराने मंचाची शोभा जाते, असं कोणीही म्हणालं नाही. उलट सगळे म्हणाले, काय खुललाय मंच!

सत्काराला सगळी टेकडी जमली. दिवाणजी डुलत डुलत उताराने वर गेले आणि बसले. मग मावशींचं नाव पुकारलं. मावशी उताराकडे निघाल्या.

मामंजी आडवे आले. "शेवंताबाई, हा प्रमुख पाहुण्यांसाठी आहे. तुम्ही इकडून या, पायऱ्यांनी."

"का?"

"तुमची जिद्द दिसायला नको सगळ्यांना?"

"जिद्द आज घरी विसरले. उतारानेच येते."

"छे छे, मग सत्काराला अर्थ काय राहिला!"

मावशी पायऱ्यांनी चढल्या. छाती टेकवून, ओढत. प्रत्येक पायरीला टाळ्या पडत होत्या. सासूबाईंनी डोळे टिपले. मी उतार बघत होते. रिकामा होता. झेंडूंवर माशा बसल्या होत्या.

अण्णांचं भाषण झालं. "शेवंताबाईंचा मोठा गुण कोणता? त्यांनी आजवर कोणाकडे काही मागितलं नाही!"

"मागितलं की!" मावशी म्हणाल्या. "उतार मागितला!"

टाळ्या पडल्या. सत्कार ज्याचा असतो त्याचं बोलणं सहसा ऐकू जात नाही. टाळ्यांची वेळ झालेली असते.

मावशींच्या अंगावर मावशींनीच केलेली शाल घातली. नारळ दिला. ससे नारळ खात नाहीत, पण देणाऱ्याने ते बघायचं नसतं. मग दिवाणजींना ओवाळायला मला पुढे बोलावलं.

"सूनबाई, नाव घ्या!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले.

"मोठ्याने घे हं," सासूबाई कानात म्हणाल्या.

माझ्याकडे जास्वंदीचा एक उखाणा तयार होता. मी मावशींकडे पाहिलं. त्या उतरायच्या पायऱ्या बघत होत्या. चढण्यापेक्षा उतरणं त्यांना जास्त जड जातं. मी जास्वंद सोडली आणि सासूबाईंचं ऐकलं. मोठ्याने घेतला.

"मामंजींनी शब्द दिला, उतार जाणार मावशींच्या दारी,
भार्गवरावांचं नाव घेते, आमच्या घरची रीतच न्यारी!"

हेच ते यजमानांचं नाव. ते मागच्या रांगेत होते आणि अर्थातच खाली बघत होते.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामंजींचं शेपूट फुलून केरसुणीएवढं झालं. दिवाणजींनी मात्र मंचाचा घास गिळला आणि मान वर केली.

"म्हणजे हा उतार आता या बाईंच्या दाराशी लावणार? वा! वा, सेक्रेटरी! लोक पाहुणा गेला की उतार मोडून टाकतात. तुम्ही तो ज्याचा त्याला देताय. महाराजांच्या कानावर घालतो. आणि पौर्णिमेला सकाळी मी स्वतः बघायला येतो."

मामंजींनी नमस्कार केला.

"कल्पना मुळात माझी," साळिंदरअण्णा म्हणाले.

सत्कार झाला की प्राण्याला नाही म्हणता येत नाही. हे मी मामंजींकडूनच शिकले होते.

घरी कोणी मला काही बोललं नाही. बोलणार काय? मी तर स्तुतीच केली होती. यजमान तेवढे म्हणाले, "बाबांनी शब्द कधी दिला?" मी म्हटलं, "सगळ्यांसमोर." ते विचार करत झोपले.

आणि मावशींच्या दाराशी उतार झाला. चांगला रुंद, वेलीसकट. मावशी दोन दिवस नुसत्या आत-बाहेर करत होत्या. काही काम नसताना. एकदा तर विसरलेलं काहीतरी आणायला म्हणून आत गेल्या आणि हात हलवत बाहेर आल्या.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण तिसऱ्या दिवशी मामंजी दगड घेऊन आले.

मोठा दगड होता. त्यावर कोरलं होतं : 'हा उतार मुंगूस घराण्याच्या औदार्यामुळे. प्रेरणा : साळिंदरअण्णा.' तो उताराच्या बरोबर मधोमध रोवला.

"हे काय?" मावशींनी विचारलं.

"फलक. पौर्णिमेला दिवाणजींच्या हस्ते उघडायचाय."

"औदार्य जरा बाजूला सरकवता येईल का? मला घरात जायचंय."

"बाजूला लावला तर दिसत नाही हो. आम्ही लावून बघितला."

दगडाच्या एका बाजूने वेल, दुसऱ्या बाजूने भिंत. मध्ये एवढीशी फट. मावशी तिच्यातून अंग चोरून, पाय आपटत जायच्या. उंबऱ्यापेक्षा बरं होतं का? बहुतेक नव्हतं.

मी कापूस आणायला म्हणून त्यांच्याकडे गेले. मावशी पिंजत होत्या. मला वाटलं, दोन गोड शब्द बोलतील.

"उखाणा छान होता," त्या म्हणाल्या. "पण पोरी, उतार माझा हक्काचा होता. नियमात होता. तू तो त्यांचा मोठेपणा म्हणून मागितलास. आता मोठेपणा त्यांचा आहे, म्हटल्यावर तो कुठे ठेवायचा ते तेच ठरवणार."

"दुसरं काय करणार होते मी, मावशी? दोनच ओळी मिळतात."

"कोण मोजतंय?" मावशी म्हणाल्या आणि कापूस पिंजायला लागल्या.

पौर्णिमेच्या सकाळी पुन्हा सगळी टेकडी जमली. फलकावर केळीचं पान झाकलं होतं. दिवाणजी आले, खालीच बसले, आणि आसपास वारूळ कुठे आहे ते बघू लागले. मावशी उताराच्या पायथ्याशी उभ्या होत्या. अंगावर शाल. मामंजींनी ती मुद्दाम घालायला लावली होती.

अण्णांनी भाषणाला घसा साफ केला. तेवढ्यात जमिनीवरून एक सावली गेली.

मोरघार.

मग काय झालं ते नीट ऐका. सगळे आपापल्या बिळाकडे पळाले. पण घाबरल्यावर उंच उंबरा चढता येत नाही. मामंजी आमच्या घराण्याच्या उंबऱ्यावरून घसरून खाली आले. अण्णांना तर एरवीही दोघे मागून ढकलतात तेव्हा ते घरात जातात. त्यालाच ते अध्यक्षाचा मान समजतात. आता ढकलायला कोणी थांबलं नव्हतं.

टेकडीवर एकच दार असं होतं, जिथे कोणालाही नुसतं चालत जाता येईल.

सगळे मावशींच्या उतारावर धावले. सर्वांत पुढे अण्णा. मागे मामंजी, सासूबाई, भार्गवराव, शेजारीपाजारी. अण्णा दगड आणि भिंत यांच्या फटीत घुसले आणि तिथेच अडकले. घाबरले तसे त्यांचे काटे उभे राहिले. मामंजी मागून त्यांच्यावर आदळले. मामंजी जे ओरडले, तो त्या दिवसातला सर्वांत मनापासून काढलेला आवाज होता.

मावशी मागे राहिल्या. पायथ्याशी, उघड्यावर.

मोरघार सरळ खाली आली. मी पाहिलं. मावशींनीही पाहिलं. त्यांनी पळायचा प्रयत्न केला नाही. अंगावरची शाल काढली आणि वर भिरकावली. पांढरी, मऊ, सशाच्या मापाची. मोरघारीने ती हवेतच पकडली आणि घेऊन गेली.

सत्काराचा एवढा उपयोग झाला.

पण कापूस आणि ससा यांतला फरक कळायला मोरघारीला किती वेळ लागणार? ती लांब एका शेंड्यावर बसून शाल फाडत होती. एकदा चोच मारून तिने मान वळवली. आमच्याकडे.

उतारावर तर गोंधळ चालू होता. "अण्णा, पुढे सरका!" "सरकू कुठे? औदार्य आडवं आलंय!" "काटे आवरा आधी!" मामंजी फलकाला मिठी मारून उभे होते. "फलकाला धक्का लावू नका! दिवाणजी बघतायत!"

दिवाणजी खरंच बघत होते. त्यांना घारीची भीती नाही. "हा दगड इथे कशाला?" त्यांनी विचारलं.

मी मावशींच्या कमरेला हात घातला आणि त्यांना उताराच्या तोंडाशी आणलं. गर्दीने वळून पाहिलं. आणि मुलांनो, सवय बघा. एवढ्यातही सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "आता काय? आता नाव घेतेस का?"

"नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पण मोठा होता. यमक नव्हतं.

"मामंजी, तो दगड उचला. उतार आपण दिलेला नाही. राजाच्या नियमाने तो मावशींचाच होता, त्यांनी मागितला त्या दिवसापासून. तुम्ही त्यांना शाल देऊन सपाटीवर पाठवणार होतात, ते मी दाराआडून ऐकलंय. आणि आमच्या घरची रीत न्यारी म्हटलं, ते यमकासाठी होतं. घर मावशींचं आहे. सगळे बाजूला व्हा. आधी मावशी आत जातील, मग त्या म्हणतील ते."

दगड निघाला, आधी मावशी आत गेल्या, त्यांनी 'या' म्हटल्यावर बाकीचे, आणि मोरघार परत आली तेव्हा उतार रिकामा होता.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या दाराशी उतार कधीही होऊ देऊ नये. एकदा तो झाला, की संकटात आपल्यालाच त्यावरून पळावं लागतं आणि आजोबांच्या उंबऱ्याची सगळी शान जाते. कोणी उतार मागितलाच, तर त्याला शाल द्यावी. ती निदान घारीच्या तरी उपयोगी पडते. आणि नव्या सुनेला दोन ओळी मोठ्याने बोलायला सांगू नये. तिसरी ती विचारून बोलत नाही.